मऊ केलेली कड

हॅम्प्टन, ७ ऑक्टोबर १९६९

प्रिय व्हर्लीन,

अनेक आशीर्वाद. माझ्या बायकोच्या, ओपलच्या, गुडघेदुखीला उतार आहे. खाडीत यंदा कालवं भरपूर. शनिवारी तळले, तेव्हा तुझी आठवण निघाली.

शुक्रवारी मी निवृत्त होतोय. निरोपाला साहेब माझी ती जुनीच गोष्ट सांगणार, 'इन्स्लीच्या नजरेनं चूक कशी पकडली' त्याची. म्हणून लिहायला बसलो.

एकसष्ट साली अंतराळयानाचा वाटीएवढा पोलादी नमुना मी घडवला होता. वाऱ्याच्या बोगद्यात ठेवला की आकडे भलतेच यायचे. नमुना इन्स्लीच्या हातचा, म्हणजे हिशेब करणारी पोरगीच चुकली, असं सगळ्यांनी ठरवलं. तेच गणित तू तीनदा केलंस, दर वेळी उत्तर तेच. तरी तुझ्या कागदांवर 'गणितात बेफिकीर' असा शेरा पडला नि बढती अडली.

मग तू आमच्या कारखान्यात आलीस. नमुन्याच्या तळाच्या कडेवरून नख फिरवलंस नि हळूच म्हणालीस, "मिस्टर इन्स्ली, आराखड्यात ही कड धारदार आहे. तुम्ही हिला जरा माया लावलीत वाटतं."

माझे वडील होड्या बांधायचे. कड धारदार राहिली की दोर कापला जातो, हे लहानपणीच हातात भिनलेलं. पॉलिश पेपर आपसूक फिरला होता नि कड गोल झाली होती. तुझं बरोबर आहे, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी म्हणालो, "पोरी, माझ्या कामात खोट काढायला आधी चार पावसाळे जास्त काढ."

तू तुझ्या टेबलाकडे परत गेलीस. मी दुसरा नमुना केला, धार राखली, आकडे सरळ आले. साहेबांना सांगितलं, चूक मला दिसली. त्यांनी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली. तुझ्यावरचा शेरा मात्र तसाच राहिला.

तू ते कधी उकरलं नाहीस. उलट जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून मला आलेख वाचायला शिकवलंस. सहावीत शाळा सुटलेला मी, वारा कुठे अडतो नि कुठे निसटतो ते कागदावर बघू लागलो. त्यानंतरचा माझा एकेक नमुना त्या शिकवणीवर उभा आहे, बाई.

विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. पत्राचा इथवरचा भाग उतरवून आज सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. वर लिहिलंय: शेरा खोडा.

शुक्रवारी ये. गोष्ट या खेपेला मी सांगणार आहे.

जिची चूक नव्हती तिचा ऋणी,
ज्याची होती तो,
थर्लो इन्स्ली