मामांच्या दारातल्या लाल खुंट्या

नागपूर, पोळ्याचा दुसरा दिवस

ती. सिद्धलिंगप्पा मामा,

न्हाय म्हणजे न्हाय. वाळवी मी आणली नाही. तुमच्या कार्डात परत तेच, की गुरू यायच्या आधी घर धडधाकट होतं आणि त्यानंच ही पीडा नागपूरहून ट्रंकेत घालून आणली. मामा, मी वाळवी मारणाऱ्या कंत्राटदाराकडं कामाला आहे, पाळणाऱ्याकडं नाही. ट्रंकेत दोन सदरे, औषधाची पुडी आणि संत्र्याची बर्फी होती. बर्फी तुम्हीच संपवलीत असं ऐकतो. (ती गोड लागली, मग ट्रंक वाईट कशी?) बरं, भांडणाच्या नादात रीत राहिली. शरणु शरणार्थी. मी सिद्धरामेश्वराच्या कृपेनं खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? विजापूरच्या एस.टी.नं तो पार खिळखिळा केला असणार. मामीला नमस्कार. तुमच्या लेकीला, काशीला काय सांगायचं असतं ते मला कळत नाही, तुम्हीच बघून सांगा.

तुम्ही घोंगड्या विकायला विजापूरकडं गेलात आणि मी रजेवर सोलापुरात तुमच्या दारात उतरलो. मामीनं चहाच्याही आधी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर बोटाएवढी मातीची रेघ खालनं वर चढलेली, आणि तिचं तोंड नेमकं काशीच्या लग्नाच्या पेटीकडं! त्या पेटीत मामीनं पोटाला चिमटा घेऊन एकेक करत जमवलेली इरकल लुगडी, हे तुम्हाला मी सांगायला नको. मधे वीतभर भिंत राहिली होती. मामी खराटा घेऊन धावली, तो मी हिसकावून घेतला. रेघ फोडली की वाळवी बुजते आणि दुसऱ्या वाटेनं येते. पेटी ओढून विटांवर ठेवली, पण वाळवीला घाई नसते, आज ना उद्या ती विटाही चढते. म्हणून मी आंब्याच्या खोक्याच्या फळ्या तासल्या, खुंट्या केल्या आणि घराभोवती ठोकल्या, वीतभर जमिनीत, चार बोटं वर. मग गप बसायचं. अधनंमधनं हळूच उपटून बघायचं, कुठल्या खुंटीला तोंड लागलंय. तिथं औषध लावलेला ओला पुठ्ठा पुरायचा. वाळवी तो खाते, घरी नेते, राणीला भरवते आणि सगळं घराणं जेवून झोपतं ते कायमचं. (आमचे कंत्राटदार याला पाहुणचार म्हणतात.)

आता चूक कुणाची ते ऐका. मधेच नागपंचमी आली. मामी दरवर्षी गल्लीतल्या बायका घेऊन माळावरच्या वारुळाला जाते. यंदा माळावर गुडघाभर चिखल. मामीनं डोकं चालवलं, की वारूळ बांधते ती वाळवीच, आणि ती तर यंदा आपल्या दारात आली आहे, मग चिखल कशाला तुडवायचा? मला म्हणते, "गुरू, तू खुंट्या ठोकल्यास तितंच नागोबा हाय की. मारायच्या आधी पूजा तेवढी करून घेते." मी म्हटलं, मामी, तिथं नाग न्हाय. तर म्हणते, "तुला काय कळतंय, चौथी नापासाला?" मग सगळी गल्ली लोटली. दूध, लाह्या, हळद, कुंकू, फेर, गाणी. (औषध अजून पुडीतच होतं, एवढं ध्यानात घ्या. मी एवढा येडा न्हाय.) रात्री पावसानं लाह्या, फुलं, हळद सगळं धुऊन नेलं. खुंट्यांच्या डोक्यावर राहिलं ते लालभडक कुंकू.

आणि सकाळी तुमचे कुर्डुवाडीचे पाहुणे काशीला बघायला हजर! तुम्ही त्या दिवशी पोचणार होतात, तुमची गाडी चुकली, त्यात माझा काय दोष? मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात, इस्त्रीची पँट, ती जपत बसला. त्याचे वडील मात्र बसायच्या आधी घराला चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "या लाल खुंट्या कसल्या हो? रस्ता रुंद होतोय की काय?" माझ्या तोंडात पंचमीचा तंबिटाचा लाडू. भाजलेलं पीठ आणि गूळ, एकदा टाळूला धरला की जीभ माणसाची राहत नाही. मी पंजा दाखवला, थांबा म्हणून. त्यांना वाटलं, पाच हात घर जाणार. त्यांचा चेहरा उतरला. मी दोन्ही हात हलवले, तसं नाही म्हणून. त्यांना वाटलं, सगळंच जाणार. चहा तसाच टाकून मंडळी निघाली.

तरी वाटेत कुणीतरी त्यांना समजावलं असतं. पण टांगा मिळाला तो आपल्या खाजाभाईंचा. त्यांनी सकाळीच खुंट्या बघून हाय खाल्लेली. ते पाहुण्यांना म्हणाले, "लाल निशान म्हंजे म्युन्सिपाल्टीच, साब. माझा तबेला बी जातोय की!" आणि पाहुण्यांना स्टेशनात सोडून घोडी मेहुण्याच्या दारात नेऊन बांधली. (मेहुण्याची बायको अजून माझ्या नावानं बोटं मोडते म्हणे.)

पण मामा, दुधाचा गुण बघा. लाकूड असं मऊ पडलं, की त्याच आठवड्यात परसाकडच्या खुंट्या वाळवीनं भरल्या. मी पुठ्ठे पुरले, तुम्ही यायच्या आत गाडी धरली आणि बघायचं काम काशीवर सोपवलं. परवा मामीनं तिच्याकडनं लिहवून घेतलं, की भिंतीवरची रेघ वाळून भुगा झाली आणि एका लुगड्यालाही भोक नाही. पेटी वाचली. तिच्यावर एवढी मेहनत केल्यावर ती उद्या कुणाच्या घरी जाते, असं माझ्या मनात येणारच की.

तुमचा भाचा,
गुरुबसप्पा

ता.क. कंत्राटदार सोलापुरात माणूस ठेवणार आहेत. मी हात वर केलाय. पहिला हक्क भाच्याचा, असं तुम्हीच आईला म्हणाला होता.

ता.क. आणखी एक. लाडू तसा लहानच होता. पण पाहुण्यांनी पुन्हा विचारायच्या आत काशीनं दारामागनं हात काढून दुसरा माझ्या हातावर ठेवला.

ता.क. मनिऑर्डर करतोय. खाजाभाईंच्या घोडीला त्यातनं काही देऊ नका. साखरपुड्याच्या साखरेला, एकवीस रुपये.