स्वच्छ टाकीचा कारभारी

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. मोठ्या कामाचा आरंभ कुठेतरी टिपलेला असावा.

अकरा वर्षं या हॅचरीत कालवांची पिल्लं वाढवतोय, पण छापील कागदावर नाव म्हणून नाही. मेव्हण्याचं गेल्या वर्षी आलं, बुद्धिबळ स्पर्धेत 'उत्तेजनार्थ'. तेव्हापासून सासुरवाडीत मला पाणीसुद्धा त्याच्यानंतर मिळतं. आता बघू.

मॅडमनी, म्हणजे आमच्या शास्त्रज्ञांनी, नवा प्रयोग काढलाय. काचेच्या दोन टाक्या. प्रत्येकीत दोनशे पिल्लं, तांदळाच्या दाण्याएवढी. एका टाकीत मॅडम दर आठवड्याला प्लास्टिकचा चुरा मोजून घालणार, दुसरीत निव्वळ गाळलेलं समुद्राचं पाणी. आठ आठवड्यांनी कोण किती वाढलं ते बघायचं. चुऱ्याची टाकी थंड्याकडे. (माझा सहकारी. नाव त्याला शोभतं.) स्वच्छ टाकी माझ्याकडे! रिपोर्टात दोघांची नावं छापणार.

भिंतीवर सूचना लावलीय: सकाळी खाणं घाला. पाणी बदला. झाकण लावा. बाकी काही करू नका.
शेवटची ओळ थंड्यासाठी असावी.

५ मार्च
काचेला आतून बुळबुळीत थर. उद्याच्या कालवांनी अशा घरात वाढायचं? स्वतःच्या खर्चाने नारिंगी नायलॉनचा ब्रश आणला. चाळीस मिनिटं घासलं. टाकी लखलखीत. ब्रशचे निम्मे केस गळाले. हल्ली कशालाच दर्जा राहिलेला नाही. येताना आणखी दोन घेतले.

९ मार्च, शनिवार
हिला सगळं सांगितलं. हिने विचारलं, घरचं बेसिन शेवटचं कधी घासलंत? म्हटलं, घर म्हणजे विज्ञान नव्हे. ही म्हणाली, नशीब घराचं.

१२ मार्च
सूचनेचा कागद ओला होऊन लोंबायला लागला होता. लॅमिनेट करून आणला. कडा जास्त झाल्या होत्या, त्या कात्रीने नीट केल्या; खालचा कोपरा थोडा जास्तच कापला गेला. उजेड टाकीवरच चांगला येतो, म्हणून तिथेच उभा राहून. थंड्या स्टुलावर बसून बघत होता. म्हणाला, पाण्यात पडतंय तुझं. म्हटलं, तू तुझ्या टाकीकडे बघ. तो बघायला लागला. दिवसभर तेवढंच करतो. खाणं, पाणी, झाकण, स्टूल. अशा माणसाचं नाव माझ्या शेजारी छापलं जाणार!

१८ मार्च, सोमवार
पहिलं मोजमाप. थंड्याची पिल्लं जेमतेम वाढलीत. माझी त्याहून किंचित कमी. मॅडमच्या कपाळाला आठी. मी समजावलं, चांगल्या वळणाची मुलं सावकाशच वाढतात. मॅडमनी विचारलं, तुम्ही जास्तीचं काही करत नाही ना? म्हटलं, छे.
घासणं जास्तीचं नाही. घासणं म्हणजे संस्कार.

२२ मार्च
आनंदाची बातमी. पिल्लं खाणं तशीच टाकतायत. शेवाळाचं हिरवं पाणी संध्याकाळपर्यंत हिरवंच. याचा अर्थ उघड आहे: तृप्त आहेत. भरल्या पोटी कोण तोंड उघडतो? मॅडमना सांगायला गेलो, त्या मीटिंगमध्ये होत्या. बरंच झालं. आधी पक्का सिद्धांत मांडावा, मग सांगावं.

सिद्धांताला नाव सुचत नाही. माझंच द्यावं का?

२९ मार्च, शुक्रवार
पिल्लं सुस्त. गारठली असणार. घरून गुलाबी ब्लँकेट आणून टाकीवर पांघरलं, आतून हवा खेळावी म्हणून झाकण अर्धवट ठेवलं. ही चिडली. म्हणाली, अहो, त्या ब्लँकेटचे एवढे तंतू सुटतात की मी ते मांजरालासुद्धा घालत नाही. बायकांना थंडीतलं काही कळत नाही.

टाकी फार गोड दिसते.

६ एप्रिल, शनिवार
एकतीस गेली.
शिंपा उघड्या पडलेल्या. दोनदा मोजली. हाताला लागली तर नखानेही चुरतात, इतकी पातळ. डबा न उघडता घरी आणला.

तासाभराने डोकं चालायला लागलं. हा घातपात आहे. थंड्याच्या टाकीत चुरा पडतोय आणि मेलीत फक्त अकरा! रिकामा बसलेला माणूस काय करेल सांगता येत नाही.

८ एप्रिल
बंदोबस्त केला. टाकीवर पारदर्शक प्लास्टिकचा जाड कागद, वरून नायलॉनची दोरी, सात गाठी. रोज खाणं घालताना सातही सोडतो आणि सातही बांधतो. दोरी काचेच्या कडेवर घासून पिंजली तर थंड्या म्हणाला, दोरीसुद्धा पाण्यात पडते. चोराच्या मनात चांदणं.

१५ एप्रिल, सोमवार
मॅडमनी माझी तीन पिल्लं उघडून सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि मला बोलावलं. स्वतः बघा म्हणाल्या.
पोटात नारिंगी काड्या. गुलाबी लव. मध्ये बारीक काहीतरी चमकतंय.

मी ताबडतोब म्हणालो, थंड्या! मॅडमनी शांतपणे विचारलं, थंड्याकडे गुलाबी काय आहे? मी विचार केला. थंड्याकडे काहीच नाही. स्टूल आहे, ते लाकडी. मग मॅडमनी टाकीच्या तळातून एक चकचकीत कपटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर छापलं होतं: 'नका'.

म्हटलं, नारिंगी ब्रश खूप लोकांकडे असतात.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं, पिल्लू पाणी गाळून खातं. पाण्यात तंतू असले की तेही आत जातात आणि पोट भरल्यासारखं वाटतं. मग ते खाणं सोडतं. खाल्लं नाही तर शिंप कशाची बांधणार? तुमच्या टाकीत माझ्या चुऱ्याच्या तिप्पट प्लास्टिक आहे.

घरी येऊन २२ तारखेचं पान पुन्हा वाचलं. तृप्त म्हणे. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ती उपाशी होती आणि मी सिद्धांताला नाव शोधत होतो.

१६ एप्रिल
मॅडमना म्हटलं, बाकीची वाचवा. एकतीसनंतर आणखी सत्तर गेली, शहाण्णव उरलीत. नव्या काचेच्या टाकीत, ताज्या पाण्यात हलवली. मॅडम म्हणाल्या, पोट मोकळं झालं तर काही खायला लागतील, काही नाही. टाकी थंड्याकडे देतेय.
मी निघायला पिशवी उचलली. थंड्याने अडवलं. म्हणाला, मॅडम, याला बसू द्या माझ्या शेजारी, नाहीतर घरी जाऊन घर घासेल. त्याने दुसरं स्टूल आणलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला उठून काही आणताना पाहिलं.

२९ एप्रिल, सोमवार
रिपोर्ट आला. थंड्याचं नाव पहिल्या पानावर, मॅडमच्या खाली. माझं सातव्यावर, तक्त्यात. रकान्याचं शीर्षक: 'प्लास्टिकचे अनपेक्षित स्रोत'. ब्रश, ब्लँकेट, दोरी, आणि कंसात मी. हिने फोनवर माहेरी वाचून दाखवलं. मेव्हण्याने अभिनंदन कळवलंय.

शहाण्णवमधली एकाहत्तर जिवंत. दुपारी स्टुलावर बसलो होतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. काचेवर बुळबुळीत थर धरलाय, अगदी माझ्या नाकासमोर. हात शिवशिवत होते. साडेतीनच्या सुमाराला कोपऱ्यातलं एक उघडलं. मग दुसरं. पाच वाजेपर्यंत हिरवं पाणी चक्क नितळ झालं. खाल्लं सगळं! मी थंड्याला मिठी मारली. तो म्हणाला, बस खाली, पाणी हलतं.

जाताना मॅडमनी टाकीत वाकून बघितलं. म्हणाल्या, आज तुमचं काम उत्तम झालं.
आज दिवसभर मी काहीही केलं नव्हतं.