लोंढा परवानगीच्या सतरा दिवस आधी आल्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता, पदव्युत्तर विभाग,
सान इलारिओ तंत्र विद्यापीठ, लिमा.

विषय : दगडमातीचा लोंढा मंजूर तारखेची वाट न पाहता आला, या कारणास्तव माझा प्रबंध नामंजूर न करणेबाबत.
संदर्भ : प्रयोग समितीचे दि. २० मार्चचे पत्र (पाने चार, सह्या नऊ).

महोदय,

१. मी आपल्या विभागात संपर्कजाळी व संकेतप्रक्रिया या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात शिकते. जमिनीच्या थरथरीवरून डोंगरातून लोंढा निघाल्याचे ओळखणे आणि खालच्या वस्तीत भोंगा वाजवणे, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. त्यासाठी सांता बेर्ता वस्तीच्या वरच्या घळीत मी पाच सेन्सर पुरले. ते रेडिओवरून एकमेकांना निरोप देतात आणि शेवटचा निरोप माझी मावशी फेलिसितास हिच्या गच्चीवरील पेटीत येतो. मावशीची गच्ची निवडण्याचे शास्त्रीय कारण एवढेच की, बाकी सर्वांनी नकार दिला होता.

२. वस्तीतील तेओदुलोकाका वाद्यवृंदात बास गिटार वाजवतात. त्यांची तालीम आणि लोंढ्याची घरघर यांत माझ्या यंत्राला सुरुवातीला काहीच फरक वाटेना. फेब्रुवारीत भोंगा दोनदा उगाच वाजला. दुसऱ्या वेळी शेजारीण डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत रस्त्यावर आली. ती अद्याप माझ्याशी बोलत नाही. काकांनी भर बाजारात विचारले, "काय गं इंजिनीअर, आज डोंगर कुठल्या गाण्यावर येणार?" त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्याच तालमी ध्वनिमुद्रित करून यंत्राला शिकवले की, ज्यात ताल आहे ते काका आणि ज्यात नाही तो डोंगर. माझे मार्गदर्शक प्रा. सालिनास यांच्या मते प्रबंधाचे सर्वोत्तम प्रकरण हेच. समितीने त्यावर "अनावश्यक गोंगाट" असा शेरा मारला आहे.

३. रविवार दि. १५ मार्च रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजला. शाळेचे छप्पर दुरुस्त करण्यासाठी पैसे जमवायला मंडप घालून कोंबडीचे जेवण चालू होते. एकही माणूस उठला नाही. कोणीतरी, तेओदुलोला आवरा, असेही म्हटले. तेओदुलोकाका मंडपातच बसले होते. सर्वांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी तेलकट हात वर केले आणि म्हणाले, "मी वाजवत नाहीये."

मावशी म्हणाली, "मग उठा."

दोनशे बारा माणसे पलीकडच्या पायऱ्यांवर चढली. नऊ मिनिटांनी सात घरे, मंडप आणि शाळेची भिंत लोंढ्याखाली गेली. माणूस एकही गेला नाही. मी तेव्हा पायरीवर बसून माणसे पुन्हा पुन्हा मोजत होते, हे प्रबंधात नमूद केलेले नाही.

४. समितीचे आक्षेप असे : प्रयोगास १ एप्रिलपासून परवानगी असताना तो आधी झाला. दोनशे बारा सहभागींची पूर्वसंमती घेतली नाही. वाहून गेलेले तीन सेन्सर चालू स्थितीत भांडारात जमा केले नाहीत. तसेच एकच निरीक्षण अपुरे असल्याने, प्रयोग त्याच परिस्थितीत आणखी दोनदा करून दाखवावा. पहिल्या आक्षेपाबाबत खुलासा असा की, परवानगीची प्रत घळीला मिळाली होती किंवा कसे, हे मला माहीत नाही. सेन्सर चार मीटर चिखलाखाली आहेत. भांडारपालांना जागा दाखवण्यास मी तयार आहे. शेवटचा आक्षेप मी वस्तीत वाचून दाखवला. कोणी हसले नाही. तेओदुलोकाकांनी फक्त, कोंबड्या या वेळी समिती आणणार का, एवढी चौकशी केली.

५. निर्णय होईपर्यंत यंत्र बंद ठेवावे, असा आदेश होता. मी तो पाळला. त्यानंतर सहा दिवस डोंगरात पाऊस होता. सहाव्या दिवशी सकाळी मी वस्तीत गेले, तर सत्तर वर्षांची मावशी घळीच्या तोंडाशी खडकावर छत्री घेऊन बसलेली. मांडीवर पातेले, हातात डाव. काय करतेस, असे विचारले. ती म्हणाली, "तुझ्या यंत्राचं काम."

काल, दि. २६ मार्च रोजी, उरलेल्या दोन सेन्सरांवर मी यंत्र पुन्हा सुरू केले आहे. त्यास कोणाचीही परवानगी नाही. याची नोंद घ्यावी.

सबब, माझी मौखिक परीक्षा ठरल्याप्रमाणे ९ एप्रिल रोजी घ्यावी, ही विनंती. ते शक्य नसल्यास तसे टपालाने कळवावे, मी पदवीविना राहीन. यंत्र बंद करण्याचा आदेश मात्र टपालाने पाठवू नये. समितीच्या नऊही सदस्यांनी सांता बेर्ताला यावे, एकशे चाळीस पायऱ्या चढाव्यात आणि तो लोकांसमोर मोठ्याने वाचावा. मी त्यांच्या शेजारी उभी राहीन.

आपली नम्र विद्यार्थिनी,
नोएमी पाउकार रिमाची
लिमा, दि. २७ मार्च २०२६

सोबत : १) १५ मार्चच्या थरथरीचा आलेख. २) संमतिपत्रे दोनशे बारा, सर्व जिवंत व्यक्तींची.