काळी चारची पट्टी

मास्तर, तुमची गाणी आज नव्या कीबोर्डवर चढवते आहे. जुन्याची बटणं बसली, एक दाबलं की दुसरंच लागतं, म्हणून ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर दोन्ही शेजारी मांडलेत. प्रत्येक गाण्याला एक बटण. ते दाबलं की त्या गाण्याचा ठेका, लय, शहनाई की मेंडोलिन, सगळं एका दमात तयार. हळदीला लोक थांबत नाहीत, एक गाणं संपतंय तोवर पुढचं सुरू व्हावं लागतं, म्हणून बटणं गायच्या क्रमानेच लावायची. तो क्रम अजून तुमचाच आहे. आधी गावदेवीचं गाणं, मग हळदीची, मग नाचायची. सकाळपासून चाळीस गाणी झाली. गावदेवीचं गाणं मात्र जुन्यात दोन ठिकाणी निघालं, पहिल्या बटणावर आणि अगदी शेवटच्या. ठेका तोच, शहनाई तीच, फरक फक्त पट्टीचा. तो तुम्हाला कधी कळला नाही, कारण मी कळू दिला नाही.

रबाळ्याच्या तुमच्या घरात शिकवणी स्वयंपाकघरात चालायची. तुम्ही कंपनीतून पहिली पाळी करून यायचात, हाताला लेथच्या तेलाचा वास, आणि ओट्याशी काकी तांदळाच्या भाकऱ्या थापत असायच्या. मी सतराची आहे, फरशीवर बसले आहे, आणि तुम्ही दीड तास एकच ओळ म्हणून घेताय. शेवटी पेटीचा भाता लावून काकींना म्हणता, "हिला भाकरी दे. खाऊन तरी जाईल. गानं काय हिच्याकडं नाय." काकी म्हणाल्या, "अहो, पोर हाय ती." तुम्ही म्हणालात, "म्हनून तर आत्ताच सांगतोय." मी ती भाकरी खाल्ली. चविष्ट होती, आणि एवढा अपमान होऊनही ती माझ्या घशाखाली गेली याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. माझ्यासारखी कोडगी विद्यार्थिनी तुम्हाला दुसरी मिळाली नसती.

मग तुम्ही कीबोर्ड घेतलात. त्याची बटणं तुम्हाला उमगेनात आणि तसं कबूल करणंही जमेना. एका दुपारी तो माझ्या पुढ्यात सरकवून म्हणालात, "तुजा हाय हा. सांभाल." मला कुणी दिलेल्या वस्तूंत तेवढी मोठी वस्तू आजवर दुसरी नाही. मी महिनाभर नोकरीवरून आल्यावर गाणी लावत बसले. पुढची आठ वर्षं ऐरोली, रबाळे, जासई, कुठल्याही हळदीत आपण दोघंच, तुमचा आवाज आणि माझं यंत्र. लोकांनी कौतुक केलं की तुम्ही माइकवरून सांगायचात, "डबा माजा हाय, ही नुसती बटनं दाबते." लोक हसायचे. मी पण हसायचे, कारण हसले नसते तर तुम्ही अजून काही बोलला असतात.

तुमची शान म्हणजे काळी चारची पट्टी. चौथ्या काळ्या सुरापासून गाणारा बाप्या या खाडीच्या काठाला दुसरा नाही, हे तुम्ही प्रत्येक मांडवात ऐकवायचात. पट्टी उतरवून गाणाऱ्यांची तुम्ही भर मांडवात नक्कल करायचात, आणि त्यातला एक तुमचाच जुना जोडीदार समोर पाटावर बसलेला असायचा. पण साठीच्या आसपास तुमचाही वरचा सूर फाटायला लागला. ते मला तुमच्याआधी कळलं, कारण मी तुमच्या श्वासावर वाजवत होते. कीबोर्डला एक सोय असते. बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवायची आणि आवाज मात्र खाली उतरवायचा. मी अर्धा सूर उतरवला आणि तोच बटणावर साठवला. तुम्ही सवयीप्रमाणे वाकून पाहिलंत, माझं बोट चौथ्या काळीवरच होतं. म्हणालात, "बरोबर." वर्षभराने आणखी अर्धा, मग आणखी. सहा वर्षांत तुम्ही दीड सूर खाली आलात आणि मांडवामांडवात सांगत राहिलात की वयानं आपलं काही वाकडं केलं नाही. जुन्या पट्टीतलं गावदेवीचं गाणं मी शेवटच्या बटणावर तसंच ठेवून दिलं होतं. तेव्हा का ठेवलं, ते मलाही सांगता आलं नसतं.

जासईची हळद. संध्याकाळचे पाच वाजले आहेत, बायका नवरदेवाला हळद लावतायत, वर कापडी मांडव तापलाय. मी चार महिने एक गाणं बसवलं होतं, माझ्या आवाजातलं. तुम्ही हो म्हणाला होतात. मी दोन ओळी गायले आणि तुम्ही माइक माझ्या हातातून काढून घेतलात. "कंपनीचा भोंगा बरा हिच्यापरीस," म्हणालात. "बाय, तुला बटनं दाबाला ठेवलंय. गानं मी गातो. पयलं देवीचं घे परत, पाव्हन्यांचे कान धुवून काढू." सगळा मांडव हसला. नवरदेवही हसला, तोंडभर हळद घेऊन. माझं बोट पहिल्या बटणावरून उठलं आणि सरळ शेवटच्या बटणावर गेलं. तुम्ही वाकून पाहिलंत, माझं दुसरं बोट चौथ्या काळीवरच होतं. "बरोबर," म्हणालात. मग तुम्ही तोंड उघडलंत. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीच्या वरच्या सुराला आवाज फाटला, तुम्ही पुन्हा घेतलात, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. मी ठेका थांबवला नाही. यंत्र वाजतच राहिलं आणि तुम्ही माइक धरून उभे. तुमचा तो जुना जोडीदार तेवढा हसला नाही.

तुम्ही पुन्हा गायला नाहीत. मिठाच्या गुळण्या केल्यात, ज्येष्ठमध चघळलात, बोलणंसुद्धा सोडलंत. तुम्हाला कॅन्सरची भीती बसली. डॉक्टरकडे काकी आणि मी तुम्हाला घेऊन गेलो. त्यांनी घशात दुर्बीण घातली आणि म्हणाले, "काही नाही. वयाप्रमाणे आवाज हळूहळू उतरतो, आजोबा." तुम्ही खुर्चीवरून उठलात. "हलूहलू नाय, डाक्टर. एका सांजंला गेला! दुपारी होता, सांजंला नव्हता. इचारा हिला." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो. एकदमच गेला." परत येताना रिक्षात तुम्ही काकींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलंत, "खरं सांग पोरी. त्या दिवशी सूर कोनाचा चुकला?" मी म्हणाले, "तुमचा." ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते इतक्या सहज म्हणता आलं. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही जगलात, बहुतेक गप्पच.

काकी अजून रबाळ्यालाच असतात. त्या दिवशी यंत्रच बिघडलं होतं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात, म्हणजे मीही हो म्हणावं. मी हो म्हणते. त्यांना हे वाचून दाखवणार नाही, आणि कुणालाच नाही. लोकांना वाटेल मी सूड घेतला, आणि सूड म्हटलं की निदान रागाची सबब तरी मिळते. जासईला मला राग होता, ते मान्य. पण डॉक्टरांपुढे राग कुठे होता? रिक्षात तर तुमचा हात माझ्या हातात होता. मी तेव्हा सांगू शकले असते, की मास्तर, आवाज सहा वर्षांपासून उतरतोय आणि खालच्या पट्टीत तो अजून छान लागतो. तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या, आठ दिवस तोंड फिरवलं असतं, आणि नवव्या दिवशी खालच्या पट्टीत गायला उभे राहिला असतात. मला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ऐरोलीची हळद होती, आणि गायला मला बोलावलं होतं.