गिऱ्हाइकाची अंगठी

दादा,

हे पत्र पाठवणार नाहीये, म्हणून मनसोक्त बोलून घेतो. एवढंच सांगितलं होतं ना तुला, की गुपचूप एक अंगठी करून आण? तू गेलास मोठ्या दुकानात आणि तुला वाटलं, काम फत्ते. अरे, त्या दुकानाचे खडे बसवतं कोण? जिला मागणी घालायची, तीच!

आज तिला डबा द्यायला गेलो, तर तू फोटो पाठवलेली तीच अंगठी चिमट्यात धरून बसलेली. म्हणाली, “कोण रे हा चिक्कू? राईएवढा खडा, आणि घडण ही अशी बोजड!”

मग तिने ती सहज स्वतःच्या बोटात घातली. चपखल बसली.

“इतकी वर्षं एकत्र राहतोय आपण. तू घेतली असतीस का रे असली?”

घाबरून तोंडातून निघून गेलं, “छे! वेडा आहे का मी?”

तिने अंगठी काढली, फडक्याने पुसली आणि मान खाली घालूनच म्हणाली, “त्याने निदान घेतली तरी.”

आता कुठल्या तोंडाने देऊ ती?

तुझ्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर चिडलेला,
धाकटा