कोंबडी पाठवता येत नाही याबद्दल

नागपूर

आदरणीय कांताबाई यांना मधुकरचा सप्रेम जयभीम.

तुमच्या गुडघ्याला आता आराम असेल अशी आशा करतो. ऊन फार आहे, दुपारी बाहेर निघू नका. माझी तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर करतो. (भाजीत मीठ कधी कमी, कधी दोनदा पडतं. तक्रार कोणाकडे करणार?)

तुमची सून मिनल सीताबर्डीची खरेदी आटोपून घरी आली. तुमच्या सांगण्याप्रमाणे तिने कोंबडी नेण्यासाठी छिद्रं पाडलेलं खोकं आणलं आहे. ती समोर चहा पीत आहे, तेवढ्यात हे पत्र लिहितो, कारण खोकं कोंबडीशिवाय परत जाणार आहे आणि त्याचं कारण तोंडी सांगणं मला जमत नाही. जयवंता दवाखान्यात तुमच्यासमोर म्हणाली होती, "माझी कोंबडी बाईले द्या, यांच्याच्यानं नाही होत." ते मी नाकारत नाही. बहिणीची आठवण म्हणून कोंबडीवर तुमचा हक्क आहे. परंतु मध्ये काही गोष्टी घडल्या.

जयवंता गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि त्याच आठवड्यात कोंबडी खुडूक झाली. टोपलीत खाली काही नसताना बसून राहायची. दाणे खायला उठेना. तुम्ही फोनवर उपाय सांगितला, की थंड पाण्यात बुडवा, नाहीतर नाकात पीस घाला. मी पीस घेऊन दोनदा तिच्यासमोर बसलो, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की पीस खिशात ठेवून उठलो. शेवटी तिच्या समाधानासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणून खाली ठेवली. शेजारची भावना ते पाहून हसत सुटली. म्हणाली, "काकाजी, दुकानातल्या अंड्यातून पिल्लं निघाली असती तं आमच्या फ्रिजमंधी कोंबड्या फिरल्या असत्या न." मग तिनेच गावाहून भावाकडची अंडी आणून दिली. ती बरीच मोठी होती. गावाकडचं सगळंच मोठं असतं, असं समजून मी काही विचारलं नाही. (तिनेही काही सांगितलं नाही. मला माहीत आहे असं तिला वाटलं म्हणे.)

कोंबडीची मुदत संपली तरी अंडी फुटली नाहीत. तुम्ही म्हणालात, सडली असतील, फेका आणि कोंबडी पाठवून द्या. पण माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली. एखादं प्रकरण वेळेत निकाली निघालं नाही म्हणून ते फेकून देण्याची आम्हाला सवय नाही. मी आणखी थांबलो आणि आठवडाभराने पिल्लं बाहेर आली. त्यांच्या चोची पाहून मला काळजी वाटली. सगळ्यांच्या चोची चपट्या. कोंबडी अंगाने जड आहे, त्यात जास्त दिवस बसली, म्हणून दबल्या असाव्यात असा माझा अंदाज होता. बोटंही एकमेकांना चिकटली होती, तेही त्याच कारणाने असेल असं धरून चाललो. एक पिल्लू पोळ्यांच्या डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. (झाकण उघडं ठेवलं होतं.) चोच पूर्ववत होईल का, असं विचारलं. त्यांनी आतल्या दोन माणसांना बोलावून मला पुन्हा तेच विचारायला लावलं आणि मग शांतपणे सांगितलं, "साहेब, हे बदक आहे."

मला समजलं, पण कोंबडीला कोणी सांगायचं? ती माती उकरून किडे दाखवायची आणि पिल्लं उलट दिशेने चिखलात जायची. एकदा मी कूलरची बाजूची जाळी गवत बदलायला काढली, तेवढ्यात सगळी पिल्लं कूलरच्या टाकीत. कोंबडीने आकांत मांडला. आधी काठावर उभी राहून ओरडली, मग स्वतःच आत पडली. मी आमटीच्या डावाने एकेक पिल्लू काढत होतो आणि ती पुन्हा उडी मारत होती. भिंतीवरून भावना ओरडत होती, "काकाजी, पयले कोंबडी काढा नं!" तेव्हापासून पंप बंद आहे. ऐन मे महिना मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन काढला. परंतु पाण्यातून निघाली की ती पिल्लं तिच्याच पंखाखाली शिरतात आणि तीही घेते. अशा परिस्थितीत मायलेकरांना वेगळं करणं योग्य होणार नाही. पिल्लं अजून लहान आहेत. तरी तूर्त कोंबडी पाठवू शकत नाही, याबद्दल क्षमा असावी.

घरी सर्वांना जयभीम.

आपला,
मधुकर

ता. क. मिनलने पत्र वाचलं. म्हणाली, "मावसाजी, खोटं काहून लिहून राहिले? लहान कोणतं हाय त्याच्यात? तुमचे बदकं कोंबडीच्या दुप्पट झाले न!" तेव्हा दुरुस्ती करतो. पिल्लं मोठी झाली आहेत. आता ती पंखाखाली मावत नाहीत, शिरतही नाहीत. कोंबडीने त्यांना कधीच सोडलं आणि ती पुन्हा अंडी देऊ लागली आहे. बाकी मजकूर खरा आहे.

आणखी ता. क. मिनलने कोंबडी धरायचा प्रयत्न केला, तेव्हा बदकं चिखलाच्या पायांनी तिच्या नव्या साडीच्या पिशवीत गेली. डाग धुतल्यावर निघेल. तिला रागावू नका, तिची चूक नाही. कोंबडी मीच सोडवून घेतली.

शेवटचं. तुम्ही पुण्यानुमोदनानंतर इकडे आला नाहीत. मी कारण विचारत नाही. पण असं खोकं पाठवून कोंबडी नेऊ नका. तुम्ही स्वतः या, मी ती तुमच्या हातात देईन, ना म्हणणार नाही. जयवंताचं कपाटही मी अजून उघडलेलं नाही. दीक्षा पुण्याहून फोनवर म्हणते, साड्या वाटून टाका बाबा. पण कोणती कोणाला द्यायची ते मला कुठे कळतं? तुमच्यासमोरच उघडीन म्हणतो. दोन दिवस राहायच्या हिशेबाने या. गुडघ्यामुळे बस जमत नसेल तर मी मौद्याला तुमच्या घरी घ्यायला येतो. तोवर बदकांकडे भावना पाहील.