निळा दगड, उभा आणि आडवा

मी, गिरजाबाई सुखराम सेलोकर, वय एकोणसत्तर, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे हेही सांगितले.

१. मला मूलबाळ नाही, पती हयात नाहीत. दोन खोल्यांचे घर मी खाणीतल्या कमाईवर बांधले. ते भाची रक्षा हिला. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती माहेरी आली, तेव्हा तिच्या सख्ख्या भावाने, कुलदीपने, दार लावून घेतले. या घरातून तिला कोणी उठवायचे नाही.

२. कुलदीपला घराच्या छपरावरचा कवेलूही नाही. धानाच्या शेताची बांधी त्याला आधीच दिली, कारण तो माझ्या पायाशी बसून रडला होता. दिवाळीत तो घर नावावर करून घ्यायचा कागद आणि अंगठ्यासाठी शाईचे पॅड घेऊन आला. ओसरीत बायकोला म्हणाला, "आत्याबाई मऊ हाये, दोन आसवं गाळली का देऊन टाकते." मी आतच होते.

३. तपासणीच्या दगडांची पेटी आणि चाकू रक्षाला. दगडाचा कठीणपणा म्हणजे कोण कोणावर ओरखडा काढतो, एवढेच. त्याला एक ते दहा अंक असतात, पण ती नुसती रांग. दहावा पाचव्याच्या दुप्पट नसतो, कितीतरी पट जास्त असतो.

आम्ही अकरा बायांनी आठवडाभर वेचलेला कायनाइटचा, म्हणजे खाणीतल्या निळ्या दगडाचा, ढीग खाणीच्या नव्या साहेबाने मऊ म्हणून फेकायला सांगितला. त्याने चाकू दगडाच्या लांबीने, उभा ओढला होता आणि ओरखडा उमटला होता. मी म्हटले, "सायेब, आता आडवा घासून पाहा." चाकू घसरला, दगडावर ओरखडाही नाही. हा दगड असाच असतो, उभा घासला तर मऊ, आडवा घासला तर कठीण. ढीग पास झाला, पण रजिस्टरात मी शेवटपर्यंत 'झाडूवाली' राहिले. दगड मात्र तीस वर्षे मीच तपासले. तेरवीच्या पत्रिकेत 'दगड परीक्षक' असे छापावे. नाही छापले तर जेवण घालू नये.

४. साहेबाने ओरखडलेला तो निळा दगड कुलदीपला. कोर्टात जाण्याआधी त्याने तो आडवा घासून पाहावा. बांधी घेतली तेव्हा त्याने मला उभे घासले होते.

साक्षीदार: हिरालाल बांते, शकुंतलाबाई हटवार (अकरांपैकी एक)

ठिकाण: आंधळगाव. दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

सही: गिरजाबाई सुखराम सेलोकर

ता. क. दिवाळीत इथेच राहिलेले शाईचे पॅड कोरेच आहे, मला सही येते. तेही कुलदीपला परत करावे.